तांबूला घातलेला भात

वहिनी, तुमच्या तेराव्याला मी मान हलवली. तेवढ्यासाठीच हे लिहायला बसलो आहे, नाहीतर तुमच्याबद्दल लिहिण्याचा मला काही अधिकार उरलेला नाही.

जेवणं उरकली होती. मांडवाखाली आपले भाऊबंद सुपारी कातरत बसले होते आणि रीतीप्रमाणे तुमचं चांगलं तेवढं आठवत होते. केळीच्या पानातले तुमचे पानगे, तुमचा खणखणीत आवाज, आळीत कोणाकडे बाळंतीण असली की न सांगता पोचणारा दुधाचा तांब्या. मग कोणीतरी म्हणालं, "गाय तेवडी बिचारीच्याच हातून गेली. वालाचा पाला घातला नि दोन दिवसात आडवी." सगळ्यांनी हो ना, हो ना केलं. मी तुमचा चुलत दीर, भिंतीला भिंत लागून राहणारा शेजारी, बोईसरच्या ज्युनियर कॉलेजात तीस वर्षं जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस. मीही मान हलवली.

वहिनी, तांबू वालाच्या पाल्यानं मेली नाही. ती माझ्या भातानं मेली. मला हे तेव्हापासून ठाऊक होतं आणि तुम्हाला सांगायला माझ्या हाताशी पुरी सहा वर्षं होती.

तुम्ही चौथी शिकलेल्या. मी जाईन तिथं खडू घेऊन जाणारा. संध्याकाळी मी ओटीवर उद्याच्या तासाच्या आकृत्या काढत बसलो की तुम्ही धार काढून येताना कुंपणाशी थांबायचात. एकदा मी गाईच्या पोटाचं चित्र रंगवत होतो. कौतुकानं तुम्हाला म्हणालो, "बघा वहिनी, तुमच्या तांबूला चार पोटं असतात." तुम्ही चित्राकडे नीट बघितलंत आणि म्हणालात, "चार कशी? पोट एकच हाय, भावजी. खोल्या चार हायेत."

तुमचं बरोबर होतं. पुस्तकातही तेच आहे, एक जठर आणि चार कप्पे. पण मी वर्गात मुलांना सोपं जावं म्हणून चार पोटं म्हणायचो आणि पुढे मलाच ते खरं वाटू लागलं होतं. मी हसण्यावारी नेलं. तुम्हीही सोडणाऱ्या नव्हतात. मग आपला तो वाद सुरू झाला, माणसाचं पोट शहाणं की गाईचं. किती वर्षं चालला तो! मी म्हणायचो, माणसाचं. आपण तोंडात घास घेतला की लाळेपासून पचन सुरू, मग जठरात आम्ल, मग लहान आतडं, काही तासांत काम फत्ते. गाय बिचारी दिवसभर तेच ते चघळत बसते, अर्धं आयुष्य जबडा हलवण्यात जातं. तुम्ही म्हणायचात, "तुमाला पेंढा देते. करून दाखवा दूद."

तेही बरोबर होतं. पेंढा खाऊन माणूस उपाशी मरेल. आपल्या पोटात पेंढा फोडणारं कोणी नाही. गाईचा पहिला कप्पा म्हणजे एक मोठं आंबवणाचं पिंप. त्यात डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव राहतात, ते पेंढा कुजवतात, गाय त्यांच्यावर जगते, आणि पुढच्या कप्प्यांत गेल्यावर त्या जिवांनाही पचवते. आपल्यासारखं आम्लाचं जठर तिलाही आहे, पण तो चौथा, शेवटचा कप्पा. मी हे सगळं तुम्हाला रंगीत खडूनं समजावलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "म्हंजे गाय एकटी जेवतच नाय. आदी घरातल्यांना वाढते, मग आपण बसते." इतक्या वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्यानं इतकं नेमकं उत्तर लिहिलं नव्हतं. हे मी तुम्हाला सांगितलं नाही. चौथी शिकलेल्या बाईचं कौतुक करायला माझी जीभ वळत नव्हती, खरं कारण एवढंच.

आणि तुमची ती मूठ. रोज सकाळी गोठ्यात गेल्यावर तुम्ही तांबूच्या डाव्या कुशीत, बरगड्या संपतात तिथल्या खळग्यात, मूठ दाबून उभ्या राहायचात. डोळे मिटून. एकदा मलाही तुम्ही हात धरून तिथं मूठ ठेवायला लावलीत. थोडा वेळ काहीच नाही. मग आतून काहीतरी सावकाश वर आलं, माझी मूठ उचलली आणि परत खाली गेलं, गोधडीखाली झोपलेल्या माणसानं कूस बदलावी तसं. "चालू हाय," तुम्ही म्हणालात. "मिनिटाला एक-दोन फेरे व्हायला हवेत. नाय झाले तर समजायचं, घरात कायतरी बिनसलंय." मी तीस वर्षं त्या कप्प्याची आकृती काढत होतो, पण त्याला हात त्या दिवशी पहिल्यांदा लावला.

आता त्या दिवसाकडे येतो.

माघात आमच्या नव्या घराची वास्तुशांत झाली. तुम्ही आदल्या दिवसापासून राबत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्हाला पाम गावी जायचं होतं, बहीण आजारी होती. पहिल्या एसटीनं निघताना तुम्ही तांबू माझ्या स्वाधीन केलीत. तुमचा लेक हेमंत तारापूरला कारखान्यात, त्याची पाळी सुरू. तुम्ही जायच्या आधी वालाचा थोडा पाला टाकला होतात, मी बघितला, फार तर दोन पेंड्या. "दुपारला पेंढा टाका, पाणी दाखवा," तुम्ही म्हणालात. चार पावलं गेलात आणि परत वळलात. "नि भावजी, कालचं उरलेलं कायी देऊ नका हां. नैवेद्याचा घास ठीक हाय, मुठीएवडा. त्याच्या वर नको."

मी काय म्हणालो ते आठवतंय? "वहिनी, तीस वर्षं मी हेच शिकवतोय."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मागच्या दारी दोन मोठी पातेली भात उरला होता, शिराही होता. उन्हं चढली की आंबणार. पाहुणे म्हणत होते, अन्न टाकू नये. मलाही टाकवेना. आणि मनात आलं, घासभर दिला तर पुण्य लागतं, मग घमेलंभर दिल्यानं का लागू नये? तुमचं सांगणं माझ्या कानात होतं, पण ते अडाणी काळजीतलं वाटलं. मी घमेलं भरून नेलं. तांबू तुटून पडली. मला इतकं बरं वाटलं, वहिनी! मी दुसरं घमेलं आणलं, वर शिरा घातला. तिच्या पाठीवरून हात फिरवत पाहुण्यांना सांगितलं, "हिचं पोट पिंपाएवढं आहे, हिला काय होतंय." पाहुण्यांनी फोटो काढले. एका फोटोत मी हसतोय.

संध्याकाळी ती पेंढ्याकडे बघेना. मला वाटलं, पोट भरलं असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर ती मान खाली घालून उभी होती, दात कराकरा खात होती, आणि खाली पातळ, फेसाळ शेण होतं. आंबूस वास येत होता. त्या शेणात पांढरी शितं होती.

तेव्हा मला सगळं कळलं. अगदी ओळीनं, उत्तरपत्रिकेसारखं कळलं. आपण भात खातो तेव्हा तो लहान आतड्यात सावकाश फुटतो आणि साखर मुकाट्यानं रक्तात जाते. गाईचा भात आधी त्या पिंपात जातो. तिथले पिठाला हपापलेले जीव एकदम माजतात आणि आम्ल करत सुटतात. पेंढा फोडणारे बिचारे त्यात मरतात. भात चघळावा लागत नाही, म्हणून आम्ल मारणारी लाळही सुटत नाही. पोट अंगातलं पाणी ओढून घेतं आणि आतली कातडी जळू लागते. हे सगळं माझ्या वहीत होतं. बारावीच्या हुशार मुलांना मी ते जादा म्हणून सांगत असे.

आणि हे सगळं कळल्यावर मी काय केलं? धावत जाऊन डॉक्टरांना फोन केला नाही. मी आधी नळी लावून गोठा धुतला. शितं असलेलं शेण फावड्यानं ओढून खताच्या खड्ड्यात टाकलं आणि वर नारळाची झावळ ओढली. तुम्ही दुपारी येणार होता.

तुम्ही आलात, पिशवी खाली ठेवायच्या आधी मूठ ठेवलीत, आणि तुमचा चेहरा उतरला. "एक पण फेरा नाय," तुम्ही म्हणालात. गुरांचे डॉक्टर तासाभरात आले, पन्नाशीचे, शांत गृहस्थ. त्यांनी पोट दाबून बघितलं आणि म्हणाले, "वारा कमी आहे, आत पाणीच फार डचमळतंय. भात, पीठ, दाणा असं काही खाल्लंय का हिनं?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत. गाय माझ्या स्वाधीन होती ना.

मी म्हणालो, "नाही. पेंढाच."

त्यांनी पुन्हा विचारलं. "नक्की? परवाच्या कार्यातलं काही?" मी म्हणालो, "मी जीवशास्त्राचा शिक्षक आहे, डॉक्टर."

वहिनी, खोटं बोलताना मी माझी पदवी पुढे केली. त्यानंतर ते तरी काय विचारणार? आणि तेवढ्यात तुम्हीच म्हणालात, "जाताना मी वालाचा पाला टाकला होता. कवळा होता." मला ते ऐकून सुटल्यासारखं झालं. तेव्हा नुसतं झालं, लाज नंतर वाटली. डॉक्टरांनी कोवळ्या पाल्यानं पोट फुगतं त्यावरचा उपचार केला, नळी घातली, तेल पाजलं. भाताचं कळलं असतं तर त्यांनी सोडा पाजला असता, पोट धुऊन काढलं असतं, कदाचित ती वाचली असती. कदाचित नसतीही. तो 'कदाचित' मी स्वतःच्या सोयीपुरता वापरत आलो आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तांबू गेली. वाडीत सुपारीच्या रांगेशेजारी खड्डा खणला, मीठ मीच आणून दिलं. तुम्ही रडला नाहीत. तिच्या शिंगांना हळद लावलीत आणि म्हणालात, "माज्या हातानं मारली मी हिला."

मी शेजारी उभा होतो.

हेमंतनं महिन्याभरात तांबूची कालवड देऊन टाकली. आळीत श्राद्धपक्षाला गोग्रास द्यायला लोक तुमच्या दारी यायचे ते बंद झाले, आता दूरच्या गोठ्यात जातात. तुम्ही ते मुकाट सोसलंत. आणि मग पहिल्या थंडीत कळलं की तुम्ही वाल सोडला. आपल्याकडे हिवाळ्यात वालाशिवाय कोणाचं पान हलतं? तुम्ही तर बिरड्यासाठी जीव टाकायचात. आमच्याकडे जेवायला आलात तेव्हा हिनं वाटी वाढली, तर तुम्ही ती हलकेच बाजूला सारलीत. "ज्यानं माजी तांबू गेली ते मी नाय खाणार." आणि भात कालवून घेतलात. तुम्ही भात जेवत होता, वहिनी, माझ्यासमोर, रोजच्यासारखा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं तर चोर मांडी घालून शेजारीच जेवत होता. त्यानंतर किती हिवाळे ती वाटी तशीच बाजूला सरकली. दरवेळी हिला वाईट वाटायचं आणि मी ताटाकडे बघत राहायचो.

तुम्ही खत उपसताना कधी ती शितं पाहिलीत का? मला वाटत नाही. पाहिली असतीत तर तुम्ही बोलला असतात. तुम्ही कोणाची भीड ठेवणाऱ्या नव्हतात, भिडेखातर गप्प बसणं हा माझा प्रांत.

सांगायचं ठरवलं नाही असं नाही. तुम्हाला पालघरच्या दवाखान्यात नेलं तेव्हा रिक्षात आपण दोघंच होतो. तुम्हाला काही जात नव्हतं, पेज घेतली तरी पोट दुखायचं. तुम्ही हसून म्हणालात, "भावजी, तुमचं शाणं पोट बघा. एवडी पेज नाय सोसत." मी तेव्हा म्हणालो, "वहिनी, एक बोलायचं होतं." तुम्ही वळून बघितलंत. "बोला की." मी म्हणालो, "काही नाही. नंतर बोलू." तुम्ही माझ्या हातावर हात ठेवलात. तुम्हाला वाटलं, मी तुमच्या आजाराला घाबरलोय. धीर तुम्ही मला दिलात.

नंतर आलंच नाही. आठव्या दिवशी तुम्ही गेलात.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी हिला सांगितलं. आमच्या लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण हिलाही ठाऊक नव्हतं. तिनं पदर बोटाला गुंडाळला. मग म्हणाली, "मला काय सांगता? हेमंतला सांगा. आणि आज सांगा, उद्यावर टाकू नका." म्हणून काल दुपारी मी तुमच्या घरी गेलो. हेमंत पहिली पाळी संपवून नुकताच आला होता, हेल्मेट हातातच होतं. "या काका, चा घेनार?" म्हणाला. मी म्हटलं, आधी ऐक. पायरीवर उभ्यानंच सगळं सांगितलं. दोन घमेली, शिरा, शितं, डॉक्टर, माझी पदवी. काही गाळलं नाही, मऊ केलं नाही. वाटलं होतं तो चिडेल, हात उगारेल. तो ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं, इतका स्वार्थ तेव्हाही शिल्लक होता.

तो पायरीवर खाली बसला. हेल्मेट गुडघ्यांवर ठेवलं. म्हणाला, "काका, मी तिला बोलायचो."

मला कळलं नाही.

"छकुली झाल्यावर आमी दोगं कामाला. आई म्हनायची, मी बगते पोरीला. मी म्हनलो, तुज्याच्यानं एक गाय नाय सांबाळली, पोर काय सांबाळनार? पोरगी मी बोईसरला सासऱ्यांकडं ठेवली, काका. दोन वर्सं. आई इते एकटी. कदी उलटून बोलली नाय. खरं हाय तुजं, एवडंच म्हनायची."

हे मला ठाऊक नव्हतं, वहिनी. इतकं भिंतीला भिंत लागून असून ठाऊक नव्हतं. मला वाटत होतं, सूनबाईला कामावरून जवळ पडतं म्हणून छकुली तिकडे असते. तुम्ही आळीत तसंच सांगितलं होतंत. मी एक गाय मारली आणि एक खोटं बोललो, एवढाच माझा हिशेब होता. तुमची नात तुमच्या मांडीवर आली नाही हे त्यात धरलेलं नव्हतं. आणि काल मी माझं मन मोकळं करायला गेलो ते तुमच्या लेकाच्या पदरात त्याचे शब्द टाकून आलो. त्याला आता ते कोणाकडे परत घेता येणार?

मी म्हणालो, "हेमंत, चूक माझी आहे. तुझी नाही."

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुमी जा आता, काका."

मी पायऱ्या उतरलो. फाटकाची कडी लावत होतो, तेवढ्यात आतून छकुलीचा आवाज आला, "बाबा, कोन आलंय?"

"कोनी नाय गं," हेमंत म्हणाला.